तुरीले वाढा

आमचे भूगोलाचे सर कुठे निघालेत हे त्यांच्या लुनालासुद्धा ठाऊक नसायचं. शाळा सुटली की ते पायडल मारून ती सुरू करायचे, फाटकापर्यंत सरळ यायचे, तिथं थांबून दोन्हीकडे बघायचे आणि ज्या बाजूला ओळखीचं कोणी उभं नसेल त्या बाजूला वळायचे. ओळखीचा माणूस हमखास विचारतो, "कुठी चालले सर?" त्या प्रश्नाचं सरांना वावडं होतं. एकदा म्हणे त्यांना मेडशीला घरीच जायचं होतं, पण त्या बाजूच्या पानठेल्यावर ओळखीची मंडळी बसलेली. म्हणून सर उलट्या दिशेनं आमच्या वऱ्हाडातल्या मालेगावला गेले, चहा प्याले आणि ती मंडळी उठली असेल अशा बेतानं परत आले.

जगातली गावं, नद्या, डोंगर कुठे आहेत हे शिकवण्याचा पगार घेणारा माणूस स्वतः कुठे चाललाय हे बायकोलाही सांगायचा नाही. फारच मागे लागलं तर म्हणायचे, "गाव आधी सांगतलं की मानूस घरूनच तथी जाऊन येते. मंग एस्टीत बसते ते नुसतं गाठोडं."

मी या स्वभावाच्या नेमका उलटा. ठिकाण माहीत नसलं की मला रात्रभर झोप येत नाही. आज मी घरापासून लांब, हैदराबादच्याही पलीकडे, कोंबड्यांचं खाद्य बनवणाऱ्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवतो. आमच्याकडचं सोयाबीन तिथं ट्रकनं येतं. मीही जवळपास तसाच आलो. पण अजूनही नव्या गोदामात ड्युटी लागली की मी आदल्या दिवशी जाऊन फाटक बघून येतो, वॉचमनला नमस्कार करून येतो, संडास कुठे आहे ते विचारून येतो. असा मी, आणि माझ्या नशिबी आले हे सर. पाचवीपासून नववीपर्यंत. नववीही पुरी नाही, दिवाळीच्या सुट्टीपर्यंतच.

वर्गात ते धड्याचं नाव सांगायचे नाहीत. आत आले की खिडकी लावायचे, टेबलावर टिचकी मारायचे आणि म्हणायचे, "चला, निघालो." मग डोळे मिटून सुरू. "थंडी हाय. नाक लाल झालं. झाड एक दिसून नाई राह्यलं. खायाले मासोळी हाय, पन पानी गोठलं. सांगा बे, कुठी हाओ आपन?"

मागच्या बाकावरून उत्तर यायचं, "अकोला!"

अकोल्यात उन्हाळ्यात डांबर वितळतं हे सगळ्या वर्गाला माहीत. सर डोळे न उघडता म्हणायचे, "अकोला असतं त मी कोट कायले घातला असता?" कोट त्यांनी घातलेला नसायचाच. पण ते असं म्हणाले की तो दिसायचा.

घंटा होईपर्यंत गाव ओळखलं गेलं तर ठीक, नाहीतर सर डस्टर उचलून निघून जायचे आणि आम्ही जिथे असू तिथेच. एका शनिवारी त्यांनी आम्हाला वाळवंटात सोडलं. रविवार आम्ही तिथंच काढला. मी तर त्या दिवशी घरी पाणीही जपून प्यालो. सोमवारी पहिल्या तासाला मी उभा राहून विचारलं, "सर, सांगा न, आपण कुठे आहो?" माझा आवाज रडवेला झाला होता. सर माझ्याकडे बोट दाखवून वर्गाला म्हणाले, "याले लय घाई हाय. हा पोट्टा लांब जाईन." वर्ग हसला. मला मात्र ते 'लांब' कुठे असेल या काळजीनं त्या दिवशी डबा गेला नाही.

रागावले की सरांची भाषा बदलायची. एरवी अस्सल वऱ्हाडी बोलणारा माणूस एकदम पुस्तकासारखा बोलू लागायचा, आणि आम्हाला 'अहो-जाहो' करायचा. "आपण बाहेर उभे राहावे." "आपल्या वर्तनाने मला अतीव दुःख झाले आहे." सरांनी 'बे' म्हटलं की आम्ही निश्चिंत असायचो. 'आपण' ऐकलं की आपोआप ताठ उभे राहायचो.

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, या सगळ्याला सरावल्या होत्या. त्यांच्याजवळ एक भलीमोठी रेक्झिनची पिशवी कायम भरलेली असायची. तिच्यात स्वेटर, छत्री, ओवा, एक बरी साडी, एक साधी साडी, हळदीकुंकवाचा करंडा आणि बॅटरी. लग्न नवं असताना सर एका सकाळी म्हणाले, चाल, जाऊन येऊ. काकूंना वाटलं माहेरी, आसेगावला. त्या जरीची साडी नेसून, माहेरच्यांसाठी शेव-चिवडा घेऊन निघाल्या. सरांनी त्यांना नेलं एका ओसाड टेकडीवर, करवंदं दाखवायला. "करवंदाच्या काट्यात साडीची जर अडकली व बाई," काकू आम्हाला सांगायच्या, "अन् हे म्हनतात, कसं वाटलं? म्या म्हटलं, शेव खा." तेव्हापासून पिशवी.

आणि दरवर्षीची सहल. सहल म्हणजे रोडग्याचं जेवण. थंडी पडली की वर्गाला फर्मान निघायचं: कोणी जाडी कणीक आणायची, कोणी वांगी, कोणी तुरीची डाळ, कोणी गोवऱ्या. रोडगे म्हणजे कणकेचे मुठीएवढे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फडक्यात घेऊन राख झटकायची, फोडून त्यात तूप घालायचं आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. दोन खाल्ले तर संध्याकाळचं जेवण विसरायचं. हे सगळं आम्ही डोक्यावर घेऊन सरांच्या लुनामागे चालत निघायचो. कुठे, ते माहीत नसायचं. सर लुना हातानं ढकलत पुढे, आम्ही रांगेत मागे, आणि रांगेच्या शेवटी मी, दर वळणावर पुढच्याला विचारत, "कुठं रे? कुठं?"

सहावीत आम्ही एका बैलं चारणाऱ्या पोराच्या वावरात गेलो होतो. आठवीत एका मुलीच्या अंगणात, ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन दारात उभी होती. पण तेव्हा आमचं सगळं लक्ष वांग्याच्या भाजीकडे.

नववीतल्या सहलीला मी नव्हतो. दिवाळीच्या आधी बाबांना बैलानं पाडलं, पाय मोडला, आणि वावर राखायला माणूस उरलं नाही. सुट्टी संपली, शाळा भरली, मी गेलो नाही. सोयाबीन निघालं होतं, तूर उभी होती. शेंगा भरत आल्या की आमच्याकडे वांदरं टोळीनं उतरतात. मी बाबांचा लोंबता सदरा घालून दिवसभर पत्र्याचा डबा बडवत फिरायचो. डबा बडवायचं काम वाईट नाही. फक्त रस्त्यानं शाळेतलं कोणी जाताना दिसलं की मी डबा खाली ठेवून वाकून बसायचो.

मार्गशीर्षात एका सकाळी वावराकडे येणाऱ्या पांदणीच्या तोंडाशी रांग दिसली. डोक्यावर गोवऱ्यांच्या पाट्या, पुढे ढकलत आणलेली लुना. माझा अख्खा वर्ग, दोन शिक्षक, आणि काकूंची पिशवी. मी आधी मनाशी म्हटलं, पुढे जातील. ते वळले. वांदरांना भिणार नाही इतका मी भ्यालो आणि डबा टाकून तुरीत शिरलो. तूर माझ्या डोक्याहून उंच होती. चांगला आत जाऊन उकिडवा बसलो.

मला तिथून पाय दिसत होते. माझी माय धावत आल्याचे पाय, काकूंच्या चपला, पोरांचे बूट. माय म्हणत होती, "आता त अथी होता व बाई, कुठी गेला?" सरांनी मायला काही विचारलं नाही, मला हाक मारली नाही. गोवऱ्या रचल्या, रोडगे भाजले. मग पंगत बसवली ती तुरीला पाठ करून. कोणीतरी मान वळवली असावी, कारण सरांचा पुस्तकी आवाज आला, "जो मागे पाहील, त्याला उपाशीपोटी घरी पाठविण्यात येईल."

मग वऱ्हाडीत, मोठ्यानं, जणू आभाळाला सांगावं तसं ते म्हणाले, "यंदा तूर मस्त हाय. उभी राहून राहून दमली असंन. तुरीले वाढा."

वैशाली नावाची एक मुलगी होती वर्गात, भांडकुदळ म्हणून नावाजलेली. तिनं एक पत्रावळ आणून तुरीच्या कडेला ठेवली आणि मुकाट्यानं गेली. तूप अजून कढत होतं. मी हात लांब करून पत्रावळ आत ओढली. खाल्लं. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

थोड्या वेळानं सरांचा आवाज. "तुरीले अजून पाहिजे काय?"

मी श्वास धरून बसलो. पण भाजी फार छान झाली होती. शेवटी मी रिकामी पत्रावळ हळूच बाहेर सरकवली. कोणी हसलं नाही. पत्रावळ भरून परत आली.

जाताना सर तुरीजवळ येऊन थांबले. म्हणाले, "चाल, येतो आमी." शाळेत ये म्हणाले नाहीत. शिक्षणाचं महत्त्व सांगितलं नाही. मी नंतर कधी शाळेत गेलो नाही, पण त्या दिवसानंतर रस्त्यानं शाळेतली पोरं जाताना दिसली की मी डबा खाली ठेवला नाही. उलट जोरात बडवायचो. तीही हात करायची.

पुढे बाबा काठी घेऊन चालू लागले आणि एका ठेकेदाराबरोबर मी तेलंगणात निघालो, तेव्हा मालेगावच्या स्टँडवर सर आणि काकू अचानक भेटले. माझा चेहरा पांढरा पडलेला. सरांनी जन्मात पहिल्यांदा तो प्रश्न विचारला, "कुठी चालला बे?"

"हैदराबाद सर. पण हैदराबादेत कुठं, ते ठेकेदारानं सांगितलं नाही."

सरांचा चेहरा उजळला. पाठीवर थाप मारून म्हणाले, "झकास! जाजो मंग." आणि काकूंच्या पिशवीतली ओव्याची पुडी मला देऊन टाकली. वाळवंटात रविवार काढल्याचा अनुभव गाठीशी होता म्हणून मी त्या गाडीत बसलो, नाहीतर स्टँडवरूनच घरी परतलो असतो. हे खोटं नाही.

आता गेल्या हिवाळ्याची गोष्ट. सर रिटायर झाले, आणि आमच्या बॅचचा स्नेहमेळावा ठरला. ठरवलं गजाननानं; हा वर्गात कुठल्या बाकावर बसायचा ते मला काही केल्या आठवेना. गजानन आता मालेगावात बियाण्यांचं दुकान चालवतो, मोठी गाडी आहे. मोबाइलवर ग्रुप निघाला, त्याचं नाव 'दहावी बॅच', आणि मला त्यात कोणी घेतलं ते माहीत नाही. मी एकदाही काही लिहिलं नाही. गजाननाचा संदेश आला: प्रत्येकानं उभं राहून नाव, दहावीची टक्केवारी आणि सध्याचा हुद्दा सांगायचा. ते वाचून मी फोन उपडा ठेवला. दहावीच नाही तर टक्केवारी कुठली? आणि मुळात दहावीच्या बॅचमध्ये मी कसा? हा प्रश्न फोर्कलिफ्टवर बसल्या बसल्या माझ्या डोक्यात फिरायला लागला. पोती उचलू, तर तोच. पोती ठेवू, तर तोच.

मग सरांचाच फोन आला. "रविवारी ये."

"कुठं सर?"

"ये म्हटलं न बे."

"सर, सुट्टी मिळणार नाही."

"नाई येत?"

"नाही सर."

"पक्कं? शंभर टक्के नाई येत न?" सरांचा आवाज चक्क आनंदी झाला होता. "मंग जमलं! ठेवतो," म्हणाले आणि ठेवला.

 मी येत नाही म्हटल्यावर माणसाला एवढा आनंद व्हावा? म्हणजे सरांनाही वाटतं की मी त्या बॅचमधला नाही? दोन दिवस हे सहन केलं. तिसऱ्या दिवशी सुपरवायझरच्या पाया पडून सुट्टी घेतली. म्हटलं, मागे उभा राहीन, सरांना बघीन आणि गावी मायला भेटून परत येईन. मायलाही सांगितलं नाही. आदल्या संध्याकाळी सहज म्हणून तिला फोन केला, तर तीच घाईत. "उद्या फोन करू नको रे बापू, मले लय काम हाय," म्हणाली. मायनंही फोन कापला. असा दोन्हीकडून नकोसा होऊन मी गाडीत बसलो.

जमायचं मालेगावच्या स्टँडवर, असं ग्रुपवर आलं होतं; तिथं मी सगळ्यांच्या आधी पोचलो आणि उसाच्या रसाच्या ठेल्यामागे उभा राहिलो. वर्गमित्र येत होते, एकमेकांच्या पाठीत धपाटे घालत होते, गाड्यांत बसून जात होते. मी पुढे व्हायचं ठरवायचो आणि रस मागवायचो. सगळे गेले. शेवटी गजाननाची गाडी आली, बॅनर छापून यायला उशीर झालेला. आत मागे आमचे हेडसर बसलेले. म्हणजे शाळेचे हेडसर. ते मी शाळा सोडल्यावर बदलून आलेले, त्यामुळे आमची ओळखच नव्हती. परवानगीवाचून पाणीही न पिणारे गृहस्थ अशी त्यांची ख्याती मी ऐकून होतो.

"तू आपल्या बॅचचा का बे?" गजाननानं काच खाली करून विचारलं.

मी म्हटलं, "तसा."

"तसा म्हंजे? बस."

ठिकाण गजाननालाही माहीत नव्हतं. सरांनी एवढंच सांगितलं होतं, मेडशीच्या रस्त्यानं या, धूर दिसला की उतरा. हेडसर कुरकुरत होते. "हे काय ठिकाण झालं? धूर! मी यांच्या सहलीच्या अर्जावर 'स्थळ' या रकान्यात 'जिल्ह्यातच' असं लिहिलेलं वाचलंय. डोळ्यांनी."

तो आमच्याच गावाकडचा रस्ता. समोरून गावातल्या कोणाची मोटरसायकल येते असं वाटलं की मी सीटखाली वाकायचो. मायला आधी बातमी लागली असती तर ती रागावली असती.

"यांना मळमळतंय का?" हेडसरांनी विचारलं. "गाडी थांबवा."

गाडी थांबली, पण मळमळीसाठी नाही. उजव्या हाताला एका लिंबाखाली धूर दिसला होता. गजानन ओरडला, "सापडलं!"

गेलो. माणसांची गर्दी, निखारे, वांग्याच्या भाजीचं पातेलं. पांढरी टोपी घातलेले एक म्हातारबुवा पुढे आले. "या, या पाव्हने, टायमावर आले. पंगत बसलीच." आमच्याकडे रोडग्याला आलेल्या माणसाला कोण, कुठला असं विचारत नाहीत. बसवतात. आम्ही बसलो. मी इकडेतिकडे पाहिलं. वर्गातलं एक तोंड दिसेना. गजाननाला कोपर मारलं. "अरे, आपल्यातलं कोणीच नाही."

"येतीन न. अन् सर असे कधी समोर दिसले काय? लपले असतीन. सरप्राईज हाय हे. गप खा."

खाल्लं. आग्रह असा की विचारू नका. पान झाकायला हात पुढे केला तर हातावर भाजी. हेडसर तीन रोडगे जेवले. जेवण झाल्यावर गजाननानं बॅनर काढला आणि लिंबाला बांधायला घेतला. चार माणसं मदतीला धावली, एकानं तर झाडावर चढून दोरी आवळली. बॅनर लागला तसे हेडसरांना राहवेना. ते उठून उभे राहिले. "माझ्या प्रिय विद्यार्थ्यांनो," त्यांनी सुरुवात केली. समोर धोतरवाली, पटकेवाली, बिनदाताची माणसं. "आज तुम्हाला मोठं झालेलं पाहून माझा ऊर भरून येतो आहे."

माणसं मन लावून ऐकत होती. एका आजीनं पदर डोळ्याला लावला. टाळ्याही वाजल्या. मग त्यांच्यातल्या एका शाळकरी मुलीनं बॅनर मोठ्यानं वाचला, आणि म्हातारबुवा डोकं खाजवत म्हणाले, "गुरुजी, बोलले मस्त. पन आमच्या घरी त दहावी कोनी झालंच नाई अजून. ही पोट्टी सातवीत हाय."

गजाननाचं तोंड पाहण्यासारखं झालं. त्यांचं ते मारोतीचं जेवण होतं. बैल आजारातून उठला म्हणून फेडलेला नवस. आम्ही हात जोडले, चुकलं म्हटलं. "चुकलं कायचं?" म्हातारबुवा म्हणाले. "भाजी तिखट झाली काय तेवढं सांगा." वर फडक्यात बांधून रोडगे दिले आणि पलीकडे बोट दाखवलं. "थो पाहा, तिकडे बी धूर हाय एक."

ते बोट आमच्या गावाच्या कच्च्या रस्त्याकडे होतं.

"या रस्त्यानं नको," मी म्हटलं.

"काहून?"

"हे आमचं गाव आहे."

"मंग त चांगलंच!" गजाननानं गाडी वळवली. मी पुन्हा सीटखाली. पिठाच्या चक्कीचा आवाज गेला. मारोतीच्या पाराजवळचा खड्डा गेला. पांदणीचा धक्का बसला. हा धक्का माझ्या ओळखीचा होता. मी डोकं वर काढलं. आमच्या बांधाला गाड्याच गाड्या लागलेल्या. आमची तूर उभी. तुरीला पाठ करून माझा अख्खा वर्ग पंगतीत बसलेला, कोणाला टक्कल, कोणाला ढेरी. बाबा काठी बाजूला टाकून फडक्यात रोडगे झटकत होते. आणि भाजीच्या पातेल्याशी, हातात पळी घेऊन, माझी माय.

बाकीच्या कोणाला धूर शोधावाच लागला नव्हता. ते इथे एकदा येऊन गेलेले होते.

मायनं मला पाहिलं. "अव माय!" म्हणाली. मग पळी रोखून, "फोन करू नको म्हटलं त घरीच आला?"

"तू तरी कुठं सांगितलं?"

"सरांनी सांगू नको म्हटलं होतं!"

तोवर सर उठून आले. केस पांढरे झालेले, बाकी तेच. मला वाटलं पाठीवर थाप पडेल. सरांनी हात मागे बांधले. "आपण येणार नव्हता."

मी शाळेतल्यासारखा ताठ उभा राहिलो. "हो सर, पण..."

"आपण स्पष्ट शब्दांत नकार कळविला होता. त्या नकाराच्या भरवशावर हा संपूर्ण कार्यक्रम आखण्यात आला. आता आपण स्वतःच उपस्थित झालात. याला काय म्हणावे?"

काकू पिशवी सावरत मध्ये पडल्या. "अरे, जो येत नाई त्याच्याच घरी नेतात हे सगळ्यायले. दरसाल तेच. आधी सांगतलं त घरचे लाजतात, अन् पोट्टं पळून जाते. मले बी लय वर्सांनी समजलं."

बैलं चारणारा पोरगा. कडेवर भाऊ घेतलेली मुलगी. मी त्या दोघांच्याही घरी जेवून आलो होतो आणि मला कळलं नव्हतं.

तेवढ्यात गजाननानं बॅनर उलगडला. त्याला आपला कार्यक्रम सावरायचा होता. "सर, आता ओळख. नाव, टक्केवारी, हुद्दा." मी हळूच गजाननाच्या मागे सरकलो.

सरांनी बॅनर वाचला. "दहावी कायले लिहिलं बे? दहावी त बोर्डाची असते. आपली बॅच या तुरीची." मग पंगतीकडे वळून, "त्या दिवशी जे अथी होते ते बसून राहा. जे नव्हते त्यायनं उभं राहून ओळख द्या."

कोणी उठलं नाही. उभे होतो आम्ही तिघंच, शेवटच्या गाडीतले. हेडसर नंतर आलेले. आणि गजानन, हे मला तेव्हा कळलं, दहावीतच दुसऱ्या शाळेतून आलेला.

"तू काहून उभा?" सरांनी मला विचारलं.

"सर, मी पंगतीत नव्हतो."

"कुठी होता मंग?"

साऱ्या वर्गासमोर, मायसमोर, मी सांगितलं, "तुरीत."

"मंग बस न बे."

'बे' म्हणाले. मी बसलो. गजाननानं मान खाली घालून मायला स्वतःचं नाव सांगितलं, टक्केवारी सांगायची राहिली. हेडसरांनी पदवी, सेवाकाळ सगळं सांगितलं, तर माय म्हणाली, "असू द्या गुरुजी, बसा. जेवन नाई झालं न तुमचं?" आणि आमच्या तिघांच्या लक्षात एकदम आलं की आता पुन्हा जेवायचं आहे. पोटात म्हातारबुवांचे रोडगे दगडासारखे बसलेले. मायसमोर 'जेवून आलो' म्हणायची कोणाची छाती होणार? बाबा रोडगे झटकत येत होते, वैशाली भाजीचं भांडं घेऊन येत होती. ती आता आसेगावला नर्स आहे, पण चाल तीच, भांडणाला निघाल्यासारखी.

हेडसर माझ्या कानाशी लागले. "यातून काही मार्ग?"

मार्ग मला एकच माहीत होता. माय तूप आणायला वळली तसा मी उठलो आणि तुरीत शिरलो. माझ्यामागे गजानन, त्याच्यामागे हेडसर, कोणाची परवानगी न घेता. आम्ही तिघं उकिडवे बसलो. तूर आता माझ्या डोक्याहून फारशी उंच नव्हती, गजाननाचं टक्कल तर वरच राहिलं.

बाहेर मायचा आवाज. "आता त अथी होते, कुठी गेले?"

पंगत खुसूखुसू हसत होती. मग सर खाकरले आणि आभाळाला सांगितल्यासारखे मोठ्यानं म्हणाले, "यंदा तूर लयच दाट झाली बा. तुरीले वाढा."

पत्रावळ आली. पायांवरून मी वैशालीला ओळखलं. तिनं जाता जाता तुरीला विचारलं, "मिरची देऊ का वरून?" मी रोडगा फोडला, अर्धा हेडसरांना दिला, अर्धा गजाननाला. ते केविलवाणे बघत होते. बाकीचं मी खाल्लं. घास घशाखाली उतरायला जागा नव्हती, तरी तळापर्यंत खाल्लं.

"तुरीले अजून पाहिजे काय?" सरांनी विचारलं.

"नाही म्हण," गजानन कुजबुजला. "हात जोडतो तुले, नाही म्हण."

या वेळी सगळे माना वळवून तुरीकडेच बघत होते. मी पत्रावळ हळूच बाहेर सरकवली.